दोन नांवांमधला शब्द

भाषेंतील मोठ्या शब्दांची कीर्ति सर्वत्र असते. नाम आणि क्रियापद ह्यांच्यावांचून वाक्य उभें राहत नाहीं, विशेषणावांचून त्यास शोभा येत नाहीं, हें शाळेंतील मूलही सांगतें. परंतु ज्यांना लिंग नाहीं, वचन नाहीं, विभक्ति नाहीं, आणि म्हणूनच ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं, अशा अव्ययांचा विचार बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्रींच होतो. आम्हीही पुष्कळ वर्षें ह्याच पंक्तीला बसलेले होतों. वास्तविक आमचा जन्म इंग्रजीच्या मास्तरांच्या घरीं झालेला. 'बोथ', 'आयदर', 'नायदर' हे शब्द आमच्या कानांवर लहानपणापासून पडलेले. तरीही दोन नांवांच्या मधें उभा असलेला एवढासा शब्द माणसाला किती महाग पडूं शकतो, हें कळावयास आम्हांस चाळिशी उलटावी लागली. ती हकीकत पुढें येईलच. पण ती नीट समजावी म्हणून आधीं थोडें व्याकरण सांगणें प्राप्त आहे. वाचकांनीं तेवढी सबुरी धरावी, अशी विनंति आहे.

आमचे वडील एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत तेहतीस वर्षें इंग्रजी शिकवीत होते. घरांत त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं. त्यांच्या टेबलावर दोन पुस्तकें कायमचीं असत. एक रेन व मार्टिन ह्यांचें इंग्रजी व्याकरण, आणि दुसरें मोरो केशव दामले ह्यांचें १९११ सालीं प्रसिद्ध झालेलें 'शास्त्रीय मराठी व्याकरण'. रेनसाहेब एके काळीं मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होते आणि १९२४ सालच्या 'बो जेस्ट' ह्या कादंबरीनें जगभर गाजले, हें सांगतांना अण्णांना विशेष आनंद होई. व्याकरण लिहिणारा मनुष्य अगदींच शुष्क नसतो, ह्याचा तो त्यांच्या मतें भक्कम पुरावा होता. एका पुस्तकांतला नियम सांगितला कीं, तो दुसऱ्या पुस्तकाच्या भाषेंत कसा बसतो, हें दाखविल्यावांचून ते पुढें जात नसत. आमचें जें कांहीं थोडेंबहुत व्याकरणाचें ज्ञान आहे तें ह्या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेंत वाढलेलें आहे.

इंग्रजी वाक्यांत दोन नामें जोडीनें यावयाचीं असलीं कीं, पुष्कळदां त्यांच्या पुढें एक शब्द चालतो. अण्णा त्याला भालदार म्हणत. 'बोथ द किंग अँड द क्वीन' असें म्हणतांना राजाचें नांव उच्चारण्यापूर्वींच 'बोथ' दारांत उभा राहून ललकारतो कीं, येणारीं दोन आहेत आणि दोघांनाही आंत घ्यावयाचें आहे. 'आयदर' आला तर तो सांगतो कीं, नांवें दोन ऐकाल, पण आसन एकच मांडा. 'नायदर' हा त्यांतला कठोर. तो दोघांचीं नांवें मोठ्यानें पुकारतो आणि दोघांनाही उंबऱ्यावरून परत पाठवितो. हे भालदार एकटे येत नाहींत. प्रत्येकाचा जोडीदार दोन नामांच्या मधें ठरलेला असतो. 'बोथ'चा 'अँड', 'आयदर'चा 'ऑर', 'नायदर'चा 'नॉर', आणि 'नॉट ओन्ली'चा 'बट ऑल्सो'. हा जोडा मोडून 'बोथ'च्या मागून 'ॲज वेल ॲज' आणणाऱ्या मुलाला अण्णा विचारीत, "अरे, वरात एका घरची आणि नवरी दुसऱ्या घरची आणलीस काय?" ह्या पुढें चालणाऱ्या शब्दांना उभयान्वयी म्हणावें कीं क्रियाविशेषण म्हणावें, ह्याविषयीं कोशकारांत व वैयाकरणांत एकमत नाहीं. अण्णांचें म्हणणें असें कीं, भालदाराची जात विचारूं नये, त्याची ललकारी ऐकावी.

मराठी मुलांना हे शब्द जड जातात, ह्याचें कारण त्यांच्या बुद्धींत नसून आपल्या घरच्या रीतींत आहे. आपण पाहुणे आधीं घरांत घेतों आणि मग त्यांची गणति करतों. 'राजा आणि राणी दोघेंही आलीं' ह्या वाक्यांत नांवें प्रथम, आणि 'दोघेंही' हा हिशेब मागून. मात्र ह्या मागून येणाऱ्या हिशेबांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती इंग्रजीच्या 'बोथ'ला साधत नाहीं. दोन पुरुष असले तर 'दोघे', दोन स्त्रिया असल्या तर 'दोघी', आणि एक पुरुष व एक स्त्री असलीं तर 'दोघें'. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र आलीं कीं, मराठी भाषा दोहोंचाही अभिमान बाजूस ठेवून नपुंसकलिंगी अनेकवचन पत्करते. त्या एका अनुस्वारांत सगळा संसार सांगितलेला असे. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्यांतून काढून टाकले, त्यांबरोबर हाही गेला. नियम करणारांचें कारण सयुक्तिक होतें, हें आम्हांस मान्य आहे. आम्ही मात्र जुन्या वळणाचे असल्यामुळें तो अद्याप लिहितों.

भालदारानें नेमकें कोठें उभें राहावें, हा दुसरा प्रश्न. नियम असा कीं, ज्या दोन शब्दांची जोडी तो पुकारणार त्यांतल्या पहिल्याच्या लगत पुढें त्यानें उभें राहावें. एका शेतकऱ्याचा घोडा व गाडी दोन्ही गेलीं, हें इंग्रजींत सांगावयाचें आहे. 'ही लॉस्ट बोथ हिज हॉर्स अँड हिज कार्ट' असें लिहिलें तर काम नीट झालें. पण पुष्कळ मुलें 'बोथ' उचलून 'लॉस्ट'च्या पुढें ठेवीत. तसें केलें कीं ऐकणारा दुसऱ्या क्रियापदाची वाट पाहत बसतो. घोडा गमावला आणि दुसरें काय केलें, विकला कीं मारला? 'नॉट ओन्ली'च्या बाबतींत तर चांगले चांगले लेखकही ह्या खड्ड्यांत पडतात. आपल्याकडे हा घोटाळा सहसा होत नाहीं, कारण 'घोडाच नव्हे तर गाडीही' ह्यांतील 'च' आणि 'ही' हे आपापल्या नामाला चिकटूनच असतात. त्यांना भटकावयास मोकळीक नाहीं. इंग्रजींतील हे शब्द पायांनीं चालतात, आपले कडेवर बसतात.

क्रियापदानें कोणाचें ऐकावें, ह्याविषयींचे नियम अण्णा मोठ्या गोडीनें सांगत. 'बोथ' आला कीं क्रियापद अनेकवचनी. त्यांत वाद नाहीं. 'आयदर' आणि 'नायदर' ह्यांच्या वाक्यांत, दोन नामांचें वचन किंवा पुरुष निराळा असला, तर जें नाम क्रियापदाच्या जवळ असेल त्याचें तें ऐकतें. 'ॲज वेल ॲज'ची गोष्ट ह्याहून वेगळी. त्याच्या मागून कितीही मंडळी आली तरी क्रियापद पहिल्या नामाशींच एकनिष्ठ राहतें. "हा दुसरा पाहुणा मागच्या दारानें येतो," अण्णा म्हणत, "त्याला पान वाढतात, पण त्याच्यासाठीं पंगत थांबत नाहीं." आपल्या वळणाचा एकच इंग्रजी शब्द त्यांना सांपडला होता, तो 'अलाइक'. 'रिच अँड पुअर अलाइक' ह्यांत श्रीमंत व गरीब दोघेही आंत आल्यावर मग तो मागून येऊन दोघांच्या खांद्यांवर हात ठेवतो. 'रिस्पेक्टिव्हली'ही मागूनच येतो. पण तो स्नेही नव्हे, कारकून आहे. कोणाचें काय, हें तो वहींत पाहून अनुक्रमानें वांटून देतो.

'आयदर' ह्या शब्दाविषयीं मात्र अण्णांना विशेष ममता होती, आणि तिचें कारण व्याकरणाच्या पुस्तकाबाहेरचें होतें. दरवर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर ते नववीचा वर्ग एक दिवस गांवाबाहेर नदीवर नेत. नदीच्या दोन्ही कांठांना बाभळी होत्या. तेथें मुलांना उभें करून ते विचारीत, "झाडें कोठें आहेत, तें इंग्रजींत सांगा." मुलें 'बोथ' वापरून वाक्य करीत. मग अण्णा सांगत कीं, 'ऑन आयदर साइड ऑफ द रिव्हर' असेंही म्हणतां येतें, आणि त्याचा अर्थ 'कोणत्या तरी एका कांठाला' असा नसून 'दोन्ही कांठांना' असाच आहे. मुलें चक्रावत, कालपर्यंत दोहोंतून एक निवडणारा शब्द आज दोघांना एकदम कवेंत कसा घेतो? त्यावर अण्णांचें उत्तर असें कीं, हाच त्या शब्दाचा मूळचा अर्थ आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ 'दोहोंपैकीं प्रत्येक' असा होता; दोहोंतून एकाला निवडून दुसऱ्याला सोडण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. भाषाशास्त्रज्ञ तर ह्याच्याही मागें जातात. 'आयदर'च्या पोटांत 'व्हेदर' हा शब्द आहे, आणि तो व आपला संस्कृत 'कतर', म्हणजे दोहोंतील कोणता, हे एकाच कुळांतले. तसेंच 'बोथ' आणि आपला 'उभ' किंवा 'उभय' ह्यांचेंही दूरचें नातें लागतें. म्हणजे ज्या अव्ययांना आपण उभयान्वयी म्हणतों त्यांच्या नांवांतच 'बोथ'चा चुलता बसलेला आहे!

इतकें असूनही आपल्या भाषेचा कल जोडीसाठीं अव्यय खर्चण्याकडे नाहीं. आपण दोन नामें शेजारीं बसवितों आणि समास करून मोकळे होतों. 'आईबाप' म्हटलें कीं आई आणि बाप. हा इतरेतर द्वंद्व. 'मीठभाकर' म्हटलें कीं मीठ, भाकर आणि जें कांहीं सोबत असेल तें सगळें, हा समाहार. आणि 'बरेंवाईट' म्हटलें कीं बरें किंवा वाईट, हा वैकल्पिक. तिन्ही ठिकाणीं बाहेरून रूप एकच. आंत 'आणि' आहे कीं 'किंवा' आहे, हें ऐकणारानें आपल्या शहाणपणानें ओळखावें. इंग्रजींतही 'ब्रेड अँड बटर' हें एकच खाणें मानून त्याला एकवचनी क्रियापद देतात. परंतु तेथें 'अँड' तोंडानें म्हणावा तरी लागतो. आपल्याकडे तोही गिळून टाकलेला. आम्हांस वाटतें, एकत्र कुटुंबांत वाढलेल्या भाषेची ही खूण आहे. ज्या घरांत कोणाचें काय हें कोणी विचारीत नाहीं, त्या घरांत 'आणि' व 'किंवा' ह्यांतला भेद सांगत बसण्याचें कारण पडत नाहीं.

परंतु घराबाहेर तें कारण पडतें, आणि कधीं कधीं फार मोठें पडतें. इंग्लंडांत केलेब डिप्लॉक नांवाचे एक गृहस्थ १९३६ सालीं वारले. त्यांनीं आपल्या मृत्युपत्रांत उरलेली सर्व मिळकत, सुमारें अडीच लाख पौंडांची, 'धर्मादाय किंवा परोपकारी' कार्यांस व्यवस्थापकांच्या मर्जीप्रमाणें द्यावी, असें लिहून ठेवलें होतें. व्यवस्थापकांनीं त्याप्रमाणें शंभराहून अधिक रुग्णालयांस व संस्थांस पैसे वांटले. मग आप्तांनीं हरकत घेतली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें आणि १९४४ सालीं निकाल झाला कीं, हें दान मुळांतच व्यर्थ आहे. कारण काय, तर मधला 'ऑर'. 'धर्मादाय' ह्या शब्दाला इंग्रजी कायद्यांत निश्चित अर्थ आहे. 'परोपकारी' हा त्याहून सैल. दोहोंच्या मधें 'अँड' असता तर प्रत्येक कार्य धर्मादाय असणें भाग होतें व दान टिकलें असतें. 'ऑर' घातल्यामुळें नुसत्या परोपकारी कार्यालाही वाट मिळाली, आणि अशा अनिश्चित दानाची अंमलबजावणी न्यायालयास करतां येत नाहीं. पुढें आणखी कित्येक वर्षें दावे चालले आणि अनेक संस्थांना घेतलेले पैसे परत करावे लागले. त्याच सुमारास दुसऱ्या एका दाव्यांत लॉर्ड चॅन्सेलर सायमन ह्यांनीं, दस्तऐवजांत सोयीसाठीं घालण्यांत येणाऱ्या 'अँड ऑर' ह्या जोडअव्ययाची संभावना अनौरस म्हणून केली. दोन अक्षरांच्या शब्दावर अडीच लाख पौंड उलटतात, तेथें न्यायमूर्तींनाही राग येणें स्वाभाविक आहे.

ही डिप्लॉकची गोष्ट अण्णा वर्गांत रंगवून सांगत, आणि शेवटीं बजावीत, "सही करण्यापूर्वीं नामें वाचूं नका, नामांच्या मधलें वाचा." आतां आमची हकीकत.

अण्णा १९९१ सालीं सेवानिवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे ठेवण्यासाठीं त्यांनीं गांवांतल्या एका बँकेंत आपल्या व आमच्या मातोश्रींच्या नांवानें खातें उघडावयाचें ठरविलें. अर्जांत एक प्रश्न होता कीं, खातें कोणीं चालवावयाचें? त्यापुढें तीन पर्याय छापलेले होते: 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'जॉइंटली'. पहिल्याचा अर्थ असा कीं, दोघांपैकीं कोणींही एकट्यानें सही करावी, आणि एक गेल्यास मागें राहील त्यानें. दुसऱ्यांत पहिलें नांव असेल त्याचा अधिकार, आणि त्याच्या मागें दुसऱ्याचा. तिसऱ्याचा अर्थ असा कीं, दोघांच्याही सह्या झाल्याखेरीज पैसा हलावयाचा नाहीं. बँकेंतल्या माणसानें पहिल्यावर खूण करावयास सुचविलें. अण्णांनीं तो पर्याय सरळ खोडला. "'आयदर'च्या मागून 'ऑर' आला कीं दोहों बाजूंना दोन नामें हवींत," ते म्हणाले. "येथें एका बाजूला नामच नाहीं, आणि दुसऱ्या बाजूचा 'सर्व्हायव्हर' तर त्या दोघांतलाच एक! असल्या मोडक्या वाक्याखालीं मी सही करणार नाहीं." वास्तविक तेथील 'आयदर' हा भालदार नव्हेच, तो स्वतःच सर्वनाम होऊन आसनावर बसलेला आहे, हें अण्णांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. व्याकरण हें निमित्त होतें. खरें कारण तो शेवटचा शब्द होता. त्याचा अर्थ आईनें विचारला असता, आणि तो त्यांना सांगावा लागला असता.

त्यांनीं 'जॉइंटली'वर खूण केली आणि घरीं येऊन आईला सांगितलें, "हे बघ, आपल्या दोघांच्या मधें 'आणि' आहे. तुझ्यावांचून मला एक रुपया काढतां यायचा नाहीं, आणि माझ्यावांचून तुला."

आई हसून म्हणाली, "म्हणजे ही दुसरी सप्तपदीच झाली म्हणायची."

पुढें पंधरा वर्षें तो 'आणि' सुखानें चालला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत दोघें मिळून बँकेंत जात. अण्णा सही करीत, मग आई चष्मा लावून सावकाश आपलें नांव काढी. परत येतांना भाजी घेऊन दोघें नदीच्या बाजूनें घरीं येत. आम्ही मुंबईस नोकरीला होतों. सुटींत घरीं आलों म्हणजे त्या जोडयात्रेची थट्टा करीत असूं.

२००६ सालच्या ऑगस्टांत अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना जिल्ह्याच्या गांवीं रुग्णालयांत नेलें, तेथें आगाऊ रक्कम भरावयास सांगितली. आई एकटीच पैसे काढण्याचा कागद भरून बँकेंत गेली. खिडकीमागच्या तरुणानें कागद पाहिला आणि नम्रपणें परत केला. "आजी, आजोबांची सही लागेल." आई म्हणाली, "त्यांचा हात चालत असता, तर मी एकटी कशाला आलें असतें, बाळा?" त्या प्रश्नाला त्या मुलाजवळ उत्तर नव्हतें, त्याच्याजवळ नियम होता.

आम्ही दुसऱ्या दिवशीं पोहोंचलों आणि नोकरदार मुलाच्या तोऱ्यानें बँकेंत जाऊन पुष्कळ वाद घातला. घरचें दुखणें, वृद्ध मनुष्य, पंधरा वर्षांचें खातें, हें सर्व सांगितलें. अधिकाऱ्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि कपाटांतून मूळ अर्ज काढून आमच्यापुढें ठेवला. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ह्या शब्दांवर एक सरळ रेघ होती. 'जॉइंटली'पुढें खूण होती. आणि शेजारीं अण्णांची वळणदार आद्याक्षरें होतीं. आम्ही त्या अक्षराकडे पाहत राहिलों. ज्या अक्षरानें आमच्या वह्यांतल्या चुका तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या, त्याच अक्षरानें येथें आम्हांस निरुत्तर केलें होतें. बँकेचें व्याकरण बरोबर होतें.

अशा प्रसंगीं आजारी खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा साक्षीदारांसमक्ष घेऊन काम करतां येतें. परंतु त्याला कागद लागतात, डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि बँकेचा मनुष्य रुग्णापर्यंत यावा लागतो. ह्या सर्वांस नऊ दिवस लागले. आमच्या जवळची शिल्लक पहिल्या चार दिवसांत संपली. पांचव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों आईच्या हातांत पाटल्या नव्हत्या. आम्हीं विचारलें नाहीं आणि तिनें सांगितलें नाहीं. दहाव्या दिवशीं बँकेचा अधिकारी रुग्णालयांत आला. अण्णांना सर्व समजत होतें. डाव्या हाताच्या अंगठ्याला शाई लावतांना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलें. पाटल्यांची हकीकत त्यांना कोणीं सांगितली नव्हती. पण मोकळे हात त्यांना दिसत होते.

पुढें अण्णा घरीं आले. सहा महिन्यांत तुटकें तुटकें बोलूं लागले, डाव्या हातानें सहीही करूं लागले. पहिली गोष्ट त्यांनीं केली ती ही कीं, बँकेचा अर्ज आणविला आणि पूर्वीं खोडलेल्या पर्यायावर स्वतः खूण केली. आई शेजारीं बसली होती. तिनें विचारलें, "अहो, आतां 'आणि' गेला का आपल्या मधला?" अण्णांनीं मान हलविली. पुष्कळ वेळ शब्द जुळवून ते म्हणाले, "आयदर... नदी... दोन्ही कांठ." इतकेंच. तिला तें कळलें असेल काय, अशी आम्हांस शंका होती. कारण नववीच्या वर्गाबरोबर ती नदीवर कधीं गेली नव्हती. पण तिनें, "बरं," म्हटलें आणि जेथें बोट दाखविलें तेथें सही केली. 'सर्व्हायव्हर'चा अर्थ त्यांनीं ह्याही वेळीं सांगितला नाहीं.

२००९ सालीं अण्णा गेले. तेराव्यानंतर आम्ही आईला घेऊन बँकेंत गेलों. खिडकीमागें आतां दुसरा कोणी होता. त्यानें विचारलें, "खातें कोणत्या पद्धतीचें आहे?" आम्ही उत्तर देणार तोंच आई स्पष्ट स्वरांत म्हणाली, "आयदर ऑर सर्व्हायव्हर." चौथी इयत्ता शिकलेल्या तिच्या तोंडून तो शब्द इतका बिनचूक ऐकून आम्ही थक्क झालों. बाहेर आल्यावर विचारलें, "आई, ह्याचा अर्थ तुला कोणीं सांगितला?"

ती म्हणाली, "पहिल्यांदा ह्यांनीं तो खोडला ना, त्याच दिवशीं संध्याकाळीं शेजारच्या मालूला विचारून घेतला. ह्यांना तो सांगायचा नव्हता, म्हणून मीही कधीं ह्यांना विचारला नाहीं."

म्हणजे अठरा वर्षें तो शब्द दोघांनाही ठाऊक होता, आणि दोघेंही एकमेकांपासून तो लपवीत होतीं. आम्हीं वर द्वंद्व समासाविषयीं लिहिलें आहे कीं, आपल्या भाषेंत मधलें अव्यय गिळून टाकण्याची चाल आहे. ती चाल किती खोल गेलेली असते, हें त्या दिवशीं आम्हांस समजलें. घरांत ती शोभते. ज्यांना एकमेकांचें न बोललेलें समजतें त्यांच्यामधें अव्यय नसलें तरी चालतें. परंतु बँकेचा अर्ज, मृत्युपत्र, घराचा करार, हे कागद घरांतल्या माणसांनीं वाचावयाचे नसतात. परक्यानें, घाईंत, आणि बहुधा आपण बोलूं शकत नसतांना वाचावयाचे असतात. त्यांना 'दोघें'वरचा अनुस्वार दिसत नाहीं. त्यांना 'अँड' दिसतो किंवा 'ऑर' दिसतो.

अण्णांनीं पहिल्यानें 'आणि' निवडला तो प्रेमानें, हें आम्ही कधीं विसरणार नाहीं. परंतु प्रेमानें निवडलेल्या शब्दानें आईला नऊ दिवस दुसऱ्यांच्या दारीं उभें केलें, आणि व्यवहारी म्हणून टाकलेल्या शब्दानें मागाहून तिला एकटीला उभें राहतां आलें, हेंही तितकेंच खरें आहे. एकाला सोडणारा म्हणून ज्याच्यावर राग धरावा तो 'आयदर' दोन्ही कांठ सांभाळणारा निघाला.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. आज घरीं गेल्यावर आपलें पासबुक व ठेवींच्या पावत्या एकदा उघडून पाहाव्या. आपलें नांव तेथें बरोबर असेल, आपल्या सहचराचेंही असेल. त्या दोन नांवांच्या मधें काय लिहिलेलें आहे, तें वाचावें; आणि त्याचा अर्थ, कितीही अवघड वाटला तरी, एकमेकांना मोठ्यानें सांगावा.